काच भरेपर्यंत

माझं लग्न झालं आणि बायको समोरच्यांच्या घरी नांदायला गेली. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग खोदून खोदून विचारतात. मला खोदून विचारलेलं खपत नाही, म्हणून सगळं एकदाच सांगून टाकतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमच्या सिरसाळ्यात एकच मोटार होती. ती अर्जुनरावांची. अर्जुनराव गावातले मोठे जमीनदार. त्यांनी ती हौसेनं आणली, पण चालवायची कशी हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. ते मला उमगलं होतं, म्हणून मी, बंकट, तिचा ड्रायव्हर. धारूरच्या बाजाराला जायचं, माजलगावच्या बाजाराला जायचं, एरवी कुणाचं आजारी माणूस नाहीतर कुणाचं वऱ्हाड. लोक तिला धुराची गाडी म्हणत. धूर ती फक्त घाट चढताना टाकायची, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

ड्रायव्हरच्या पुढ्यात पितळी चौकटीत बसवलेली एक मोठी उभी काच होती. वारा, धूळ, पाखरं, जे काही समोरून येईल ते त्या काचेवर आदळायचं. रोज सकाळी राखेनं मी ती अशी लख्ख पुसायचो की एकदा एका कावळ्यानं आतल्या भाकरीवर झेप घेतली आणि आपटून खाली पडला. माझ्या मायला या गोष्टीचं फार कौतुक होतं. ती ज्याला-त्याला सांगायची, "माझ्या बंकटच्या गाडीची काच पाखरालाबी दिसत न्हाई."

मायचं नाव चंद्रभागाबाई. मी रांगत होतो तेव्हा बाप गेला. लोकांच्या रानात खुरपून तिनं मला वाढवलं. कुणाच्या हळदीला, कुणाच्या ओटी भरणीला ती गेली नाही. गेली तरी दाराबाहेर धुणीभांडी करत बसायची. विधवेनं कुठं उभं राहायचं हे गावानं तिला शिकवलं होतं आणि तिनं ते शिकून घेतलं होतं. तिची ती मोकळी मनगटं मी इतकी वर्षं पाहत आलो होतो, की त्यांवर कधी काही असेल हे माझ्या मनातही येत नसे.

तर माझं लग्न ठरलं धारूरच्या भिवराशी. मालकांनी मोठ्या मनानं मोटार दिली. अडचण एवढीच की ती चालवणार कोण? दुसऱ्या कुणाला येतच नव्हती. तेव्हा नवरदेवच ड्रायव्हर झाला. डोक्याला मुंडावळ्या, खांद्यावर उपरणं, उपरण्याला नवरीच्या शालूची गाठ, आणि हातात मोटारीचं चाक. घाटात वळण आलं की मुंडावळ्या डोळ्यांवर यायच्या आणि मागं बसलेलं वऱ्हाड देवाचा धावा करायचं. शेजारी बसलेली भिवरा मात्र एकदाही ओरडली नाही. वळण आलं की ती हळूच हात पुढं करून माझ्या मुंडावळ्या बाजूला धरायची. या बाईशी आपलं जमणार, हे मला घाट उतरतानाच कळलं.

सिरसाळ्याच्या वेशीत सगळा गाव जमला होता. मालकीणबाई, म्हणजे छबुबाई, ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात निरांजन, कुंकू, नारळ. आमच्या घरात सवाष्ण नाही म्हणून ओवाळायचा मान त्यांनी घेतला होता. माय रीतीप्रमाणे मागं, बाभळीखाली उभी. मी ऐटीत भोंगा वाजवला आणि गाडी उभी केली.

पुढं जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. माझ्या मायला काय वाटलं कोण जाणे. मुंडावळ्या बांधलेला पोरगा मोटार हाकत नवरी घेऊन आलेला पाहून तिला राहवलंच नाही. बाभळीखालून ती धावत आली, छबुबाईंच्या ताटातला नारळ उचलला, गाडीवरून ओवाळला आणि दोन्ही हातांनी आपटला. बैलगाडी असती तर तिनं तो चाकाजवळच्या दगडावर फोडला असता. पण मोटारीचा मान मोठा, म्हणून तिनं तो मोटारीच्याच नाकाडावर, इंजनावरच्या पत्र्यावर हाणला. नारळ दगडावर फुटतो, पत्र्यावर उसळतो. तो उसळला आणि थेट काचेवर गेला.

काचेचा सगळा चुरा आमच्या मांडीवर आला. भिवराला ओरखडासुद्धा उमटला नाही, तिच्या हिरव्या चुड्यातली एक बांगडी तडकली नाही. नारळही शाबूत राहिला आणि गडगडत गटाराकडं गेला.

सगळ्यांनी एकदा मायच्या हातांकडं पाहिलं आणि मग खाली जमिनीकडं. न बोलताही सारा गाव काय म्हणत होता ते मायला ऐकू गेलं. तिनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं, ते पदराखाली घेतले, आणि एकदम भिवराकडं वळून कडाडली, "काच फुटलेल्या गाडीतनं आलेली लक्ष्मी मी घरात घेनार न्हाई. ही काच परत भरल्याबिगर या पोरीनं माझा उंबरा वलांडायचा न्हाई!"

माझं डोकं फिरलं. नारळ हिनं मारला आणि दोष नवरीला? मी तोंड उघडलं तोच उपरण्याच्या गाठीला हिसका बसला. भिवरानं शालू ओढला होता. ती खाली मान घालून मांडीवरची काच वेचत होती. मला ऐकू जाईल एवढंच बोलली, "आत्ता न्हाई." आमच्या संसारातलं हे तिचं पहिलं वाक्य.

छबुबाईंनी तिला आपल्या घरी नेलं. त्यांचं घर आमच्या दाराच्या अगदी समोर, मधे फक्त गाडीवाट. असा माझा संसार सुरू झाला. मी या अंगाला, बायको त्या अंगाला.

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडं जाऊन बसलो. "मालक, काच मागवा."

अर्जुनराव पान लावत होते. "कावून? मोटार इंजनावर चालती बे, काचंवर चालती व्हय? उलट लई गार वारा लागतो म्हनत्यात लोक."

लोक खरंच तसं म्हणत होते. पुढच्या सीटवर बसायला भांडणं होऊ लागली. धूळ मात्र माझ्या एकट्याच्या डोळ्यांत जायची. मी तोंडाला पंचा बांधून गाडी हाकायचो आणि संध्याकाळी घरी आलो की माय मला ओळखायची नाही. किंवा ओळखून बोलायची नाही. ती घरात मुकाट झाली होती. जेवायला वाढायची, ताटाकडं बघायची, उठून जायची.

एक गोष्ट मात्र त्या फुटक्या काचेनं बरी केली. रोज सकाळी मोटार मालकांच्या दारात उभी असायची. माझ्या बाजूला पेट्रोलचे डबे दोरखंडानं बांधलेले आणि दुसऱ्या बाजूला उतारूंची रेटारेटी. तेव्हा मला भाकरी द्यायची तर वाट एकच होती. छबुबाई मुद्दाम भिवराला पाठवायच्या. ती पुढच्या चाकावरच्या पत्र्याला टेकायची आणि रिकाम्या चौकटीतून भाकरीचं फडकं आत सरकवायची. त्याबरोबर एखादं वाक्य यायचं. "ठेचा तिखट हाय." "घाटात सावकाश." "काल उशीर कावून झाला?" नवरा-बायकोनं चारचौघांत बोलायची रीत नव्हती, पण त्या चौकटीतून बोललेलं कुणी बोलणं धरत नव्हतं. मी दिवसभर ते वाक्य चघळत गाडी हाकायचो.

एकदा मी तिला विचारलंच, "खरं काय झालं ते तुला ठावं, मला ठावं, गावाला ठावं. तू एक शब्द बोललीस तर माय गप बसंल. कावून बोलत न्हाईस?"

तिनं फडकं माझ्या हातात दिलं. "सासूच्या हाताला नाव ठेवून आत आले, तर मग त्या घरात जेवू कुनाच्या हातचं?"

मी भोंगा वाजवला आणि निघालो.

मालकांना काचेची गरज पटावी म्हणून मी देवाकडं नाही, घाटाकडं पाहिलं. एका बाजाराच्या दिवशी अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे साहेब, धारूरला निघाले होते. मालकांनी त्यांना पुढच्या सीटवर मानानं बसवलं. डोक्यावर लाल तुर्की टोपी, तिला काळा गोंडा. परत येताना घाटाच्या उतारावर मी गाडी जरा मोकळी सोडली. जरा म्हणजे जराच. वाऱ्यानं टोपी अशी उचलली की ती आधी मागच्या बाईच्या टोपलीतल्या कोंबडीवर बसली आणि तिथून दरीत गेली. पाठोपाठ एक भुंगा येऊन साहेबांच्या कपाळावर आपटला. ते वाटभर उर्दूत बोलत होते. मला सगळं समजत होतं, पण मी समजलं नाही असं तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी मला बोलावलं. "बंकट, काच मागवू बे. अमीनसाब नाराज झालेत."

"मालक, मोटार इंजनावर चालती की."

"चल, लई शहाना झालास!" असं म्हणून ते हसले. भुंग्याचं श्रेय त्यांनी मला दिलं की देवाला, ते कळलं नाही.

माप घ्यायला मालकांनी बद्रीनाथ कासाराला बोलावलं. काच बांगड्यांची, चौकट पितळेची, आणि दोन्ही कासाराच्याच हातची कामं. मोटारीच्या काचेला याहून जवळचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. बद्रीनाथ म्हणजे तोंडाचा पट्टा. बायकांचे हात धरून जन्म गेलेला, त्यामुळं प्रत्येक घरातली खबर त्याच्याकडं. आल्या आल्या त्यानं मला दटावलं, "फुटली म्हनू नगं. बांगडी फुटत न्हाई, वाढती. काचबी वाढली म्हन." मग दोरी न घेता त्यानं तुरीच्या दोन वाळक्या काड्या घेतल्या. दोरी ताणते, काडी खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. एक काडी चौकटीत उभी बसवून तोडली, एक आडवी. दोन्ही काड्यांचं टोक सुताभर आणखी कापलं. "हे कावून?" मी विचारलं. "बांगडी मनगटाला चिकटून बसली तर ती बांगडी न्हाई, बेडी हाय," तो म्हणाला. त्या काड्या फडक्यात गुंडाळून हैदराबादेत मालकांच्या मेव्हण्याकडं गेल्या. तिथल्या दुकानदारानं हसून घेतलं असेल, पण काच कापून दिली.

काच रेल्वेनं परभणीला आली. मधे गोदावरी, पूल नाही. मोटार पलीकडं जाऊ शकत नव्हती. मी बैलगाडी घेऊन गेलो. बद्रीनाथनं बजावलं होतं, "काच निजवू नगं. निजली की मोडती. उभी आन." तेव्हा येताना कडब्याच्या गंजीत पेटी उभी ठेवली आणि मी तिला मिठी मारून बसलो. उन्हाळ्यानं गोदावरी वाळूला लागली होती, तरी उताराला बैलांच्या पोटापर्यंत पाणी होतं आणि माझा जीव गळ्यापर्यंत. पलीकडच्या गावात बायका गोळा झाल्या. उभी पेटी, तिला मिठी मारून बसलेला माणूस, म्हणजे कुठल्यातरी देवाची मूर्ती चालली आहे असं त्यांना वाटलं. एका म्हातारीनं पेटीला हळदकुंकू लावलं. "कंचा देव हाय, बाबा?" मी म्हणालो, "माझ्या बायकोचा." तिनं आणखी एकदा हात जोडले.

काच बसवायच्या दिवशी मालकांच्या अंगणात निम्मा गाव होता. माय आमच्या दारात उभी होती. ती अंगणात आली नाही. भिवरा ओसरीवर छबुबाईंच्या मागं.

बद्रीनाथनं चौकट खोलून गोधडीवर आडवी ठेवली. कडेला अडकलेले जुन्या काचेचे दात त्यानं चिमट्यानं एकेक करून काढले. नारळाच्या तडाख्यानं वरचा कोपरा वाकला होता. तो निखाऱ्यावर ऊन केला आणि चामड्यावरून लाकडी हातोडीनं ठोकत सरळ केला. मग घोंगडीच्या पट्ट्या कापून खाचेत बसवल्या, म्हणजे काच पितळेला घासणार नाही. आता फक्त काच आत सारायची. आम्ही दोघांनी ती दोन बाजूंनी धरली, आणि ती निम्म्यात येऊन अडली.

मी दम धरणाऱ्यातला नाही. इतके दिवस धरला होता तो तिथं संपला. मी तळव्यानं जोर लावला. काच कुरकुरली.

बद्रीनाथनं माझ्या हातावर फाडकन चापट मारली. "बायकोचा हात असता तर असाच दाबला असतास का बे? सोड!"

मी सोडला. ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भिवरासुद्धा. बद्रीनाथनं पिशवीतून रिठे काढले, पाण्यात चोळून वाटीभर फेस केला. घट्ट हाताच्या नवरीला चुडा भरायचा तर तो हेच करायचा. फेस त्यानं बोटानं घोंगडीच्या पट्टीला सगळीकडून लावला. मग डोळे अर्धे मिटून काच दोन बोटांनी डावीकडं, उजवीकडं, अशी झुलवत झुलवत खाली सोडली. आवाजसुद्धा झाला नाही. काच तळाला जाऊन टेकली आणि मांडीत चमक निघाली तेव्हा मला कळलं की मी इतका वेळ उकिडवा बसलो होतो.

वरची पट्टी स्क्रूनं बसली. कडेच्या फटीत खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी भरली. चौकट मोटारीवर चढली. बद्रीनाथनं राखेनं काच पुसली आणि मागं सरून उभा राहिला. काच दिसत नव्हती. तिच्यातून समोर आमचं घर दिसत होतं आणि दारात उभी माय.

"भरली," बद्रीनाथ म्हणाला. "आता रीत करा. सुपात तांदूळ, सुपारी. कासार रिकाम्या सुपानं उठत न्हाई." छबुबाईंनी भिवराला पुढं केलं. तिनं सूप दिलं आणि कासाराला नमस्कार केला, जसा चुडा भरल्यावर बायका करतात. त्यानं आशीर्वाद दिला, आणि वर रिवाजाची एक हिरवी बांगडी दिली. ती भिवरानं मोटारीच्या भोंग्यात अडकवली. लोक हसले. अर्जुनराव म्हणाले, "झालं, मोटारीचंबी लगीन लागलं!"

आता राहिला नारळ. छबुबाई ताट घेऊन आल्या. ताटात नारळ दिसताच एक मजा झाली. मी, मालक आणि बद्रीनाथ, तिघंही न ठरवता काचेच्या आडवे उभे राहिलो.

छबुबाईंनी नारळ उचलला, तेवढ्यात भिवरा म्हणाली, "मालकीनबाई, जरा मला द्या." नारळ घेऊन ती अंगणातून बाहेर पडली, गाडीवाट ओलांडली आणि आमच्या दारापाशी जाऊन थांबली. उंबऱ्याच्या बाहेर. अंगणातला सगळा गाव तिच्या मागं सरकला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "काच भरली. आता नारळ फोडा."

माय दोन पावलं मागं सरली. "मी? न्हाई. न्हाई माय. तू फोड, न्हाईतर छबुबाई फोडतील."

"तुमीच."

"अगं पोरी, याच हातानं फुटली व्हती ती!" मायचा आवाज चिरकला. इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं ते बाहेर पडलं आणि मग थांबेना. "माझ्याच हातानं. समद्या गावाला ठावं हाय. मी तुझ्यावर घातलं. मला वाटलं, माझा हात लागला, आता माझ्या लेकराचं काय व्हनार! याच्या बापाचं काय झालं तेबी मी पाह्यलंय. कावून माझ्या हातात देतीस?"

भिवरानं नारळ पुढंच धरून ठेवला. "मामंजींनी या हाताला बांगड्या भरल्या व्हत्या. ते गेल्यावर याच हातानं यांना वाढवलं. या हाताचं खाऊन यांना काय झालं? बघा की, कसा बैलावानी हाय."

हसावं की रडावं ते मला कळेना. बहुतेक मी दोन्ही केलं. छबुबाई पुढं आल्या. गावात कुणी काही बोलेल तर आधी त्यांना ओलांडून बोलावं लागणार होतं. त्या म्हणाल्या, "घ्या चंद्रभागाबाई. पन मोटारीवर नगा मारू. आमच्या मालकाला आता दुसरी काच परवडायची न्हाई."

मायनं नारळ घेतला. दाराशेजारी मोडक्या जात्याचा जुना काळा दगड होता, त्यावर तिनं नारळ मारला. एकाच फटक्यात दोन सारखी भकलं झाली आणि पाणी उंबऱ्यावर उडालं. मायनं त्या दोन भकलांकडं पाहिलं. मग स्वतः आत जाऊन तांदळाचं माप आणलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. भिवरानं ते पायानं लवंडलं आणि ती माझ्या घरात आली. मी बाहेरच उभा होतो. कुणीतरी म्हणालं, "तू जा की बे आत! का तुलाबी काच भरायचीय?"

दुसऱ्या दिवशी धारूरचा बाजार. मोटार मी आमच्या दारात आणून उभी केली होती. हँडल मारलं, चाकाशी बसलो, आणि पहिल्यांदा थोडं चुकल्यासारखं झालं. तोंडावर वारा नव्हता. काचेवर पहाटेचं कोवळं ऊन पडलं होतं आणि समोरचं सगळं स्वच्छ, पण जरा लांब गेल्यासारखं वाटत होतं. रोज या वेळी चौकटीतून एक हात आत यायचा. आता भाकरी दारातून येणार, पेट्रोलचे डबे सोडावे लागणार, आणि ती वाक्यं कुठून येणार असा विचार मी करत होतो. बायको घरात आली होती हे मी त्या क्षणी साफ विसरलो होतो. माणूस सुखाला इतक्या लवकर सरावत नाही.

दार उघडलं. भिवरा नव्हती. माय आली होती. तिच्या हातात भाकरीचं फडकं. ती लगबगीनं पुढच्या चाकाशी आली, पत्र्याला टेकली, हात लांब केला आणि फडकं सरळ काचेवर हाणलं.

धप्प झालं. भाकरी खाली पडली. माय दचकली आणि दोन्ही तळवे काचेवर टेकून तशीच उभी राहिली, जणू काच पुन्हा खाली येणार आहे आणि आता ती धरून ठेवायची आहे. काच हलली नाही. घोंगडीच्या पट्टीत ती घट्ट बसली होती.

"माय!" मी ओरडलो. "काच हाय तिथं! ठावं न्हाई व्हय तुला?"

"मला काय दिसती व्हय ती?" ती माझ्यावरच खेकसली. "हितूनच देत व्हती की भिवरा तुला रोज. मी बघत व्हते दारातनं. मला वाटलं, आता मी द्यावी."

म्हणजे ती मुकाट होती तेव्हाही रोज सकाळी दाराच्या फटीत उभी होती. भिवराचा प्रत्येक हात, प्रत्येक फडकं तिनं मोजून घेतलं होतं. दारात भिवरा हसून हसून खाली बसली होती, आणि तिला पाहून मायलाही हसू फुटलं. मायला असं मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला एवढं भरून आलं की गाडी बंद पडली तरी मला कळलं नाही; भिवरानं सांगितलं.

माय पीठ मळतानाच उठून आली होती. तिनं हात काढले तेव्हा काचेवर दोन तळव्यांचे पांढरे ठसे राहिले. भिवरा पदर घेऊन पुसायला पुढं आली. "राहू दे," मी म्हणालो. त्या दोन हातांमधून रस्ता बघत मी गाडी धारूरपर्यंत नेली.